केसातले केराटिन आणि कर्करोगाची गाठ : केआरटी ८१ हे जैवदर्शक म्हणून कसे पारखावे?

केसाच्या गाभ्याला बळकटी देणारे प्रथिन स्तनाच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगात सापडावे, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला विचित्र वाटते, आणि त्या विचित्रपणाच्या भरात केआरटी ८१ या जनुकाविषयीचे निष्कर्ष पुष्कळदा तपासून न पाहताच पुढे सांगितले जातात. ‘अमुक कर्करोगात हे जनुक वाढलेले आढळले, म्हणून ते जैवदर्शक, म्हणजे रोगाविषयी काही सांगणारी मोजता येणारी खूण, आहे’ अशा धर्तीचे विधान समोर आले की ते कसे पारखावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. जीवशास्त्राचे व वैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी, प्रयोगशाळेत उती हाताळणारे तंत्रज्ञ आणि शोधनिबंध वाचून काही ठरवू पाहणारे डॉक्टर हे वाचक डोळ्यांसमोर आहेत. केआरटी ८१ गाठीत आहे की नाही, एवढ्यावरून त्याचे मोल ठरत नाही. त्याचे कोणते रूप, कोणत्या पेशींत, कशाशी तुलना करून आणि कोणता निर्णय घेण्यासाठी मोजले, यावर ते ठरते.

आधी जनुक तेच आहे ना, हे पाहा

माणसात केराटिनची ५४ कार्यरत जनुके आहेत. त्यांपैकी २८ पहिल्या प्रकारची, म्हणजे आम्लधर्मी, आणि २६ दुसऱ्या प्रकारची, म्हणजे उदासीन ते आम्लारिधर्मी प्रथिने बनवतात. केसांची व नखांची कठीण केराटिने या दोन्ही प्रकारांत विभागलेली असून त्यांची संख्या १७ आहे. पैकी ११ पहिल्या प्रकारची आणि ६ दुसऱ्या प्रकारची. या सहांना केआरटी ८१ ते केआरटी ८६ असे क्रमांक आहेत आणि ती बाराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, १२क्यू१३ या पट्ट्यात, एकमेकांना लागून बसलेली आहेत. केआरटी ८१ चे पूर्ण लांबीचे प्रथिन ५०५ अमिनो आम्लांचे, सुमारे ५५ किलोडाल्टन वजनाचे असते आणि केसमुळात ते मुख्यतः केसाच्या गाभ्यात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, तयार होते. या जनुकातील काही उत्परिवर्तनांमुळे मोनिलेथ्रिक्स हा केस मण्यांच्या माळेसारखे होऊन तुटण्याचा आनुवंशिक विकार होतो. त्याचा कर्करोगाशी संबंध नाही. तरीही वाङ्मय शोधताना ते निबंध मध्ये येतात, म्हणून त्यांची ओळख असलेली बरी.

आज वापरात असलेले क्रमांक २००६ सालच्या सर्वमान्य नामकरणातून आले. त्यापूर्वीच्या लेखनात हेच जनुक एचएचबी१ किंवा केआरटीएचबी१ या नावाने भेटते, आणि स्तनाच्या कर्करोगावरील जुन्या कामात एमएलएन१३७ या नावाने. शोध घेताना ही सर्व नावे स्वतंत्रपणे टाकून पाहावीत. केवळ नव्या नावाने शोधले तर या जनुकाची कर्करोगातील कहाणी जिथून सुरू होते ते १९९० च्या दशकातील कामच हाती लागत नाही आणि वाचकाचा समज असा होतो की, हा शोध अलीकडचा आहे.

याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न टिपून ठेवावा. केराटिनचे तंतू नेहमी जोडीने बनतात: पहिल्या प्रकारचा एक रेणू आणि दुसऱ्या प्रकारचा एक. जोडीदार न मिळालेले केराटिन पेशीत सहसा टिकत नाही. मग गाठीतील पेशीत केआरटी ८१ चा जोडीदार कोण आहे? केसात असणारे पहिल्या प्रकारचे केराटिनही तिथे आहे, की साध्या ग्रंथिल उतीतील केराटिन १८ किंवा १९ ने ती जागा घेतली आहे? बहुतेक निबंध हा प्रश्न विचारत नाहीत. ज्यांनी विचारला आहे त्यांचे काम अधिक विश्वासाने वाचावे, असे माझे मत आहे.

भावंडांमधून त्याला वेगळे काढा

केआरटी ८१, केआरटी ८३ आणि केआरटी ८६ या तीन जनुकांचे अनुक्रम एकमेकांशी इतके जुळतात की मोजमापाची निष्काळजी पद्धत त्यांच्यात भेद करूच शकत नाही. भरीस भर म्हणून त्याच वस्तीत दुसऱ्या प्रकारच्या केस-केराटिनांची चार छद्मजनुकेही, म्हणजे जनुकासारखी दिसणारी पण काम न करणारी रूपे, आहेत. म्हणून पीसीआर (जनुकाचा ठरावीक तुकडा वाढवून मोजण्याची पद्धत) करायचा असेल तर प्रायमर (त्या तुकड्याची टोके ठरवणारे छोटे डीएनए-तुकडे) प्रथिन-सांकेतिक भागाच्या मध्यावर न ठेवता शेवटच्या, म्हणजे तीन प्राइम, टोकाच्या अननुवादित (ज्यातून प्रथिन बनत नाही अशा) भागात ठेवावेत, कारण भावंडांमधील फरक तिथे अधिक मिळतो. मिळालेला तुकडा किमान एकदा तरी अनुक्रमण करून केआरटी ८१ चाच असल्याची खात्री करून घ्यावी. वितळणबिंदूचा आलेख एकच शिखर दाखवतो म्हणून निश्चिंत होऊ नये. तिन्ही जनुकांचे तुकडे जवळजवळ एकाच तापमानाला वितळू शकतात.

आरएनए अनुक्रमणाच्या माहितीतही हीच अडचण वेगळ्या वेषात येते. छोटे वाचलेले तुकडे दोन जनुकांवर सारखेच बसत असतील, तर काही संगणकीय पद्धती ते टाकून देतात आणि काही ते वाटून देतात. पहिल्या पद्धतीने केआरटी ८१ कमी दिसते, दुसरीने केआरटी ८६ चे प्रमाण त्याच्यात मिसळते. एखाद्या निबंधात केआरटी ८१ आणि केआरटी ८६ दोन्ही एकाच प्रमाणात वाढलेली दिसली, तर त्या गाठीत खरोखर दोन्ही जनुके जागी झाली आहेत की एकाच जनुकाची सावली दुसऱ्यावर पडली आहे, हे विचारणे भाग आहे.

प्रतिपिंडाच्या, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते ओळखणाऱ्या रेणूच्या, बाबतीत विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर थांबू नये. तो प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या भागाविरुद्ध बनवला आहे, केआरटी ८३ आणि केआरटी ८६ ही प्रथिने वेगवेगळी तयार करून त्यांच्यावर तो तपासला आहे का, आणि पेशीतील केआरटी ८१ दाबून टाकल्यावर वेस्टर्न ब्लॉटवरील (प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीतील) पट्टा नाहीसा होतो का, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय तो वापरू नये. शेवटची चाचणी सर्वांत बोलकी आहे. पण दाबणारा आरएनए भावंडांनाही दाबत नाही ना, हे तिच्यातही आधी पाहावे लागते.

पूर्ण रूप की तोकडे रूप?

या जनुकाच्या कहाणीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग हा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात केआरटी ८१ प्रथम पुढे आले तेव्हा संशोधकांना गाठीत सापडलेले रूप केसातल्यासारखे नव्हते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार स्तनाच्या कर्करोगात या केराटिनचे तोकडे रूप व्यक्त होते, ज्यात प्रथिनाच्या सुरुवातीचा, म्हणजे एन-टोकाचा, भाग नसतो. २००१ मधील पुढच्या कामाने हे तोकडे रूप पूर्ण प्रथिन कापले जाऊन होत नसून जनुकाच्या आतल्या भागातील एका वेगळ्या प्रारंभकावरून लेखन सुरू झाल्यामुळे तयार होते, असे दाखवले. म्हणजे केसमुळात जनुक एका दारातून वाचले जाते आणि कर्कपेशीत ते मधल्याच दारातून वाचले जाऊ शकते.

हे मान्य केले की उपयोगाच्या दृष्टीने चित्र मोहक होते, कारण जे रूप निरोगी उतीत नाही ते कर्करोगाची खूण म्हणून वापरता यायला हवे. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पूर्ण लांबीचे केआरटी ८१ प्रथिन एमसीएफ७ आणि एमडीए-एमबी-२३१ यांसारख्या कर्कपेशींच्या वंशांत तर मिळालेच, शिवाय कर्करोगी नसलेल्या स्तनपेशींतही मिळाले. त्याच कामात हे जनुक दाबल्यावर पेशींची स्थलांतर करण्याची व शेजारच्या थरात घुसण्याची क्षमता घटली. वरवर वाचणाऱ्याला ही दोन कामे परस्परविरोधी वाटतील. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत: पहिल्याने पेशीत कोणते रूप बनते ते पाहिले, दुसऱ्याने पूर्ण रूप कुठे कुठे आहे आणि ते काय करते ते पाहिले. जैवदर्शकाच्या अंगाने दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ मात्र कठोर आहे. पूर्ण लांबीचे रूप निरोगी स्तनपेशींतही असेल, तर स्तनाच्या उतीत ते आढळल्यावरून तिथे कर्करोग आहे असे म्हणता येणार नाही.

व्यवहारात यासाठी तीन गोष्टी कराव्यात. एक, पीसीआरच्या प्रायमरची किमान एक जोडी जनुकाच्या सुरुवातीच्या एक्झॉनवर (संदेशात राहणाऱ्या तुकड्यावर) आणि दुसरी शेवटच्या भागावर ठेवावी. दोन्हींच्या प्रमाणातील तफावत तोकड्या रूपाचा अंदाज देते. दोन, प्रतिपिंड एन-टोकाविरुद्धचा असेल तर तो तोकडे रूप पाहूच शकत नाही, आणि सी-टोकाविरुद्धचा असेल तर दोन्ही रूपे एकत्र मोजतो, हे ध्यानात घेऊन निष्कर्षाची भाषा ठरवावी. तीन, वेस्टर्न ब्लॉटची संपूर्ण पट्टी पाहावी. ५५ किलोडाल्टनच्या आसपासचा तुकडा कापून छापलेले चित्र या जनुकाच्या बाबतीत फारसे उपयोगाचे नाही, कारण ज्याचा शोध घ्यायचा आहे ते तोकडे रूप त्या चौकटीच्या खालीच राहते. प्रथिन काढताना साधे सौम्य द्रावण वापरून चालत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. केराटिने मुळातच कमी विद्राव्य असतात, त्यातही कठीण केराटिने गंधक-बंधांनी जखडलेली असतात. युरियासारखे विघटक आणि गंधक-बंध तोडणारे क्षपणक एकत्र वापरावे लागते, नाहीतर ‘प्रथिन नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दावा नेमका कोणत्या निर्णयासाठी आहे?

जैवदर्शक हा शब्द अनेक कामांसाठी वापरला जातो. रोग आहे की नाही हे सांगणारा निदानदर्शक, रोगाची पुढची वाटचाल सांगणारा भाकीतदर्शक आणि अमुक औषधाचा फायदा कोणाला होईल हे सांगणारा प्रतिसाददर्शक, हे त्यांतील तीन प्रमुख. केआरटी ८१ विषयीचा दावा यांपैकी कोणता आहे, हे निबंधाच्या शीर्षकावरून कळत नाही; अभ्यासाची रचना पाहावी लागते.

निदानाचा दावा सर्वांत कमकुवत आहे. एखाद्या काल्पनिक चाचणीची संवेदनशीलता (रुग्णांना ओळखण्याचे प्रमाण) ९० टक्के आणि विशिष्टता (निरोगींना निरोगी ठरवण्याचे प्रमाण) ९५ टक्के धरली, आणि ज्या लोकसमूहात हजारी एकाला तो कर्करोग आहे अशा १,००,००० जणांवर ती वापरली, तर १०० रुग्णांपैकी ९० जण सापडतील, पण निरोगी ९९,९०० पैकी ४,९९५ जणही बाधित ठरतील. म्हणजे चाचणी सकारात्मक आलेल्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणांना खरोखर रोग असेल. निरोगी पेशींतही आढळणाऱ्या प्रथिनाला याहून चांगली विशिष्टता गाठणे कठीण आहे.

तुलनेची उती बदलली की गणित बदलते, हे मात्र विसरू नये. लसीका ग्रंथीत सामान्यतः ग्रंथिल पेशी नसतात, त्यामुळे तिथे आढळलेले केराटिन, ते निरोगी स्तनपेशीतही बनत असले तरी, बाहेरून आलेल्या पेशींची खूण ठरू शकते. परंतु या कामासाठी केराटिन १९ च्या संदेशवाही आरएनएचे मोजमाप आधीच वापरात आहे. केआरटी ८१ ला त्याच्यापेक्षा काही अधिक सांगता येत असेल तरच त्याची गरज आहे, आणि ही तुलना न करता केलेला दावा अपुरा समजावा.

सर्वांत भक्कम काम स्वादुपिंडाच्या नलिकीय कर्करोगात झाले आहे. २०११ मध्ये जनुक-अभिव्यक्तीच्या आधारे या कर्करोगाचे क्लासिकल, क्वासी-मेसेन्कायमल आणि एक्झोक्राइन-सदृश असे तीन उपप्रकार मांडले गेले. पण रोजच्या पॅथॉलॉजीत प्रत्येक गाठीचे जनुक-अभिव्यक्तीचे संपूर्ण मोजमाप करणे शक्य नसते. २०१६ मध्ये केआरटी ८१ आणि एचएनएफ१ए या दोनच प्रथिनांच्या रंजनावरून, म्हणजे उतीचा छेद प्रतिपिंडाने रंगवून, तिन्ही उपप्रकार ओळखण्याची पद्धत पुढे आली. केआरटी ८१ दिसले तर क्वासी-मेसेन्कायमल, एचएनएफ१ए दिसले तर एक्झोक्राइन-सदृश आणि दोन्ही नसतील तर क्लासिकल. केआरटी ८१ असलेल्या रुग्णांचे आयुर्मान सर्वांत कमी आणि एचएनएफ१ए असलेल्यांचे सर्वांत जास्त आढळले.

इथे वाचकाने एक पाऊल थांबावे. याच कामात एक्झोक्राइन-सदृश गाठींमध्ये सीवायपी३ए५ हे विकर पॅक्लिटॅक्सेल आणि काही टायरोसिन कायनेज रोधके यांचे विघटन करून त्या गाठींना औषधाला दाद न देणाऱ्या बनवते, असे दिसले. म्हणजे ज्या उपप्रकाराची वाटचाल सर्वांत बरी, तोच काही औषधांना सर्वांत निबर. चांगले भाकीत आणि औषधाला चांगला प्रतिसाद या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतीलच असे नाही, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे अवघड आहे. २०१८ मधील पुढच्या पूर्वलक्षी (आधीच्या रुग्णांच्या नोंदींवरून केलेल्या) अभ्यासातही आयुर्मानाचा तोच क्रम दिसला आणि एचएनएफ१ए असलेल्या गाठींचा फोल्फिरिनॉक्स या औषधसंचाला प्रतिसाद अधिक चांगला आढळला. असे अभ्यास दिशा दाखवतात. उपचार ठरवण्यासाठी मात्र रुग्णांची आधी गटवारी करून मग औषध देणारी चाचणी हवी.

केआरटी ८१ च्या अननुवादित भागातील आरएस ३६६० हा एका अक्षराचा बदल नॉन-स्मॉल सेल फुफ्फुस कर्करोगातील आयुर्मानाशी जोडला गेला आहे. सूक्ष्म-आरएनए (जनुकाचे काम दाबणारा छोटा रेणू) जिथे चिकटतो त्या जागेशी त्याचा संबंध लावला जातो. हा बदल वारशाने आलेला आणि शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. तेव्हा गाठीतील प्रथिनाचे रंजन आणि हा बदल यांची बेरीज करून ‘केआरटी ८१ दोन कर्करोगांत सिद्ध झाले’ असे म्हणू नये.

स्लाइडवर काय पाहावे

रंजनाच्या प्रत्येक फेरीत केसमुळे असलेल्या त्वचेचा छेद बरोबर ठेवावा. केसाच्या गाभ्यात रंग भरलेला आणि आजूबाजूची बाह्यत्वचा व घर्मग्रंथी कोऱ्या दिसल्या, तर प्रतिपिंड आपले काम करतो आहे. सगळी बाह्यत्वचा रंगली तर तो इतर केराटिनांनाही धरतो आहे आणि त्या दिवसाचे निष्कर्ष बाजूला ठेवावेत. नमुना त्वचेतील गाठीचा असेल तर छेदात आलेली निरोगी केसमुळे गाठीचा भाग म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. पिलोमॅट्रिकोमा या केसमुळाच्याच गाठीत केस-केराटिने मुबलक असतात आणि तिथे ती पेशींचे मूळ सांगतात, आक्रमकपणा नव्हे.

किती टक्के कर्कपेशी रंगल्या तर नमुना सकारात्मक धरायचा, ही सीमारेषा रुग्णांचे आयुर्मान पाहण्याच्या आधी लिहून ठेवावी. दोन पॅथॉलॉजिस्टनी रुग्णाची माहिती न पाहता, स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि त्यांच्यातील सहमती आकड्यात सांगावी. स्वादुपिंडाच्या गाठीत केआरटी ८१ विखुरलेल्या बेटांसारखे दिसू शकते. सुईने घेतलेला बारीक नमुना त्या बेटांच्या मधून गेला तर सकारात्मक गाठ नकारात्मक ठरते. म्हणून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींवर ठरवलेली सीमारेषा सुईच्या नमुन्याला तशीच लावू नये.

मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वजनावरून प्रथिने ओळखण्याची पद्धत) वापरणाऱ्यांना वेगळा इशारा द्यावा लागतो. माणसाची त्वचा व केस हे प्रथिन-नमुन्यांचे सर्वांत नेहमीचे प्रदूषक आहेत, आणि बहुतेक संगणकीय प्रणाली केराटिने प्रदूषक म्हणून आपोआप गाळून टाकतात. ज्याला केआरटी ८१ शोधायचे आहे त्याला हा गाळणीचा नियम काढावा लागतो, आणि तो काढल्यावर तंत्रज्ञाच्या डोक्यावरचा केस आणि रुग्णाची गाठ यांत भेद करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. टोपी, हातमोजे, लोकरीचे कपडे टाळणे आणि प्रत्येक फेरीत रिकामा नमुना चालवणे हे किमान आहे. त्यावर दुसऱ्या पद्धतीने, शक्यतो स्लाइडवरील रंजनाने, पडताळणी केल्याशिवाय असा निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

सार्वजनिक माहितीसंच वापरताना

टीसीजीए या कर्करोगाच्या गाठींच्या जनुकीय माहितीच्या संचासारख्या संचातून केआरटी ८१ चा आलेख काढणे काही मिनिटांचे काम आहे, आणि तोच त्यातला सापळा आहे. तिथले मोजमाप गाठीच्या संपूर्ण तुकड्याचे असते. स्वादुपिंडाच्या गाठीत तंतुमय आधारउतीचा वाटा मोठा असल्याने कर्कपेशींतील बदल त्यात पातळ होतो. शिवाय त्या स्वादुपिंड संचात नलिकीय कर्करोग नसलेले काही नमुनेही आहेत. २०१७ च्या मुख्य विश्लेषणासाठी खात्रीच्या नलिकीय कर्करोगाचे १५० नमुने वेगळे काढले होते. संच जसाच्या तसा वापरला तर चेतासंस्राविक गाठींचे दीर्घ आयुर्मान ‘कमी केआरटी ८१’ गटात जाऊन बसते आणि वक्ररेषांमधील अंतर फुगते. म्हणून आधी नमुन्यांची यादी गाळावी, मग कर्कपेशींचे प्रमाण पाहावे, आणि शेवटी एकल-पेशी अनुक्रमणाच्या एखाद्या संचात केआरटी ८१ खरोखर कर्कपेशींतच आहे का, हे तपासावे. निरोगी उतीची तुलना जीटीईएक्स या निरोगी उतींच्या संचाशी करत असाल, तर दोन संच वेगवेगळ्या पद्धतीने गोळा झाल्याचा परिणाम निष्कर्षातून वजा करावा लागतो.

आकडेमोड आणि अखेरचा निर्णय

आयुर्मानाच्या वक्ररेषा सर्वांत दूर जातील अशी सीमारेषा संगणकाकडून शोधून घेऊन त्याच माहितीवर पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) सांगणे हा या क्षेत्रातला सर्रास आढळणारा दोष आहे. असे मूल्य ग्राह्य धरू नये. सीमारेषा एका रुग्णगटात ठरवून दुसऱ्या स्वतंत्र गटात जशीच्या तशी वापरलेली असावी. रोगाची अवस्था, शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली की नाही आणि दिलेले उपचार यांचा हिशेब धरल्यावरही केआरटी ८१ चा परिणाम उरतो का, हे बहुचलीय विश्लेषणात पाहावे. प्रतिसाददर्शकाचा दावा असेल तर औषध आणि जैवदर्शक यांच्यातील परस्परक्रियेची चाचणी केलेली असली पाहिजे. एका गटात फरक लक्षणीय आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून गटागटांत फरक आहे असे सिद्ध होत नाही. अशा अभ्यासांनी काय काय सांगितले पाहिजे याची यादी २००५ पासून रिमार्क या मार्गदर्शक तत्त्वांत उपलब्ध आहे, आणि निबंध वाचताना ती शेजारी ठेवून एकेक मुद्दा तपासता येतो.

एखाद्या रुग्णाच्या अहवालात केआरटी ८१ चा उल्लेख आला, तर तो प्रथिन-रंजनाचा आहे, आरएनएच्या प्रमाणाचा आहे की वारशाने आलेल्या बदलाचा, हे प्रयोगशाळेला आधी विचारावे, आणि सकारात्मक ठरवण्याची सीमारेषा कोणती होती तेही विचारावे. स्वादुपिंडाच्या नलिकीय कर्करोगात हा निष्कर्ष एचएनएफ१ए च्या रंजनाबरोबरच वाचावा, कारण एकट्या केआरटी ८१ च्या अभावावरून उरलेल्या दोन उपप्रकारांपैकी कोणता, हे कळत नाही. इतर अवयवांच्या कर्करोगात हा आकडा नोंद म्हणून ठेवावा आणि उपचाराचा निर्णय त्या कर्करोगासाठी आधीच सिद्ध झालेल्या दर्शकांवरच घ्यावा.